जटेच्या आतले केस

पडद्यावरच्या बाईला अजून ना कपडे होते ना केस. राखाडी, गुळगुळीत, दोन्ही हात बाजूला पसरून ती उभी होती आणि आत्या दारात थांबून तिच्याकडे बघत होती.

"अगं, त्या बाईला आधी कायतरी नेसव," आत्या म्हणाली. "भरदुपारची नागडी बाई उभी केलीस घरात. तुझा बाप यील आता."

तेच तर माझं काम होतं. केजमध्ये, गावाच्या कडेला असलेल्या आमच्या घरात बसून मी मोबाइलवरच्या खेळांतल्या माणसांना कपडे आणि केस करते. "म्हणजे शिलाईकाम?" असं लोक विचारतात. आधी मी चिडून समजावत बसायचे, आता सरळ हो म्हणते. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच ही जन्मली, असं आई म्हणते, आणि तिला मी आजवर खोटं पाडलेलं नाही.

त्या हिवाळ्यात ज्या कंपनीचं काम करते तिनं कळवलं, की तीनपैकी एक सॉफ्टवेअर निवड, यापुढचं सगळं काम त्यातच होईल. नमुना म्हणून खेड्यातली एक बाई करून दाखवायची होती. अंगावर लुगडं, लांब केस, मुदत एक महिना. लुगडं नेसणारी बाई शोधायला मला लांब जायची गरज नव्हती. ती दारातच उभी होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वय साठीच्या आसपास. आमच्या घरची मेंढरं आजोबांनीच विकली आणि आम्ही शेतीला लागलो, पण आत्याचं सासर धर्मापुरीकडचं, तिथं अजून मेंढरं होती. तिची निम्मी हयात कळपामागं चालण्यात गेली. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर वडिलांनी तिला घरी आणलं, त्याला आता बारा वर्षं झाली.

पहिलं सॉफ्टवेअर शिंप्याच्या जातीचं होतं. कापडाचे तुकडे आखायचे, कडेला कड शिवायची, आणि मग ते बाईच्या अंगावर सोडायचं. चोळी त्यात अशी सुरेख झाली की मी स्वतःवरच खूश झाले. मग लुगडं घेतलं. नऊ वार कापड, सलग, एकही टाका नाही. सॉफ्टवेअर सारखं विचारत राहिलं, शिवण कुठं? मी लुगडं अंगाभोवती फिरवलं, निऱ्या घातल्या, कासोटा मागं खोचला आणि कळ दाबली. लुगडं सावकाश, अगदी सावकाश, खांद्यावरून, कमरेवरून, गुडघ्यांवरून उतरत जमिनीवर जाऊन पडलं. मी परत केलं, ते परत उतरलं. राग यायला हवा होता, पण ते गळून पडणं इतकं निवांत होतं की मी ते उगीच चार वेळा बघितलं.

"गाठ कुठंय?" आत्यानं विचारलं. "आधी कमरेला गाठ मारावी लागती. गाठीबिगर लुगडं ऱ्हातंय व्हय?"

त्या सॉफ्टवेअरला गाठ माहीतच नव्हती. दुसरं तर भाड्यानं कपडे देणाऱ्या दुकानासारखं निघालं. सगळं तयार, उचलायचं आणि घालायचं. पण त्यात झगे होते, कोट होते, टोपासारखे बसवायचे केस होते, लुगडं नव्हतं. तिसरं फुकटचं. त्यात सगळं करता येत होतं आणि काहीही सहज होत नव्हतं. ते उघडलं की लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "फुटंल ते!" लुगड्याची गाठ मात्र त्यात कशीबशी बसली. केसांचं अजून ठरायचं होतं.

आता आत्याच्या केसांबद्दल सांगायला हवं.

नवरा गेला तेव्हा ती तापानं दीड महिना अंथरुणाला खिळली होती. केसांना कुणी फणी लावली नाही. उठून बसली तेव्हा डोक्याच्या मागं मुठीएवढा गुंता झाला होता. बायका म्हणाल्या, देवी आली, जट आली, आता कातर लावायची नाही. लावली तर घरातल्या कुणाला तरी भोवतं. त्या गुंत्याला हळदकुंकू लागलं. तो वाढत गेला, कमरेच्या खाली आला. आत्या त्याचं वेटोळं करून डोक्यावर ठेवायची आणि वरून पदर घ्यायची. मान कायम उजवीकडं कललेली. दोन वर्षांपासून उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, हे ओझं उतरवा, नाहीतर हात जाईल.

मी तर कितीतरी वर्षं सांगत होते. विज्ञान सांगितलं, स्वच्छता सांगितली, आवाज चढवून सांगितलं. आत्यानं कधी वाद घातला नाही. ती नुसता पदर पुढं ओढायची. मला वाटायचं, भित्री आहे. कशाला भीत होती ते विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

नमुन्यातल्या बाईला नेसवून झाल्यावर एका दुपारी तीच म्हणाली, "माझ्यावाणी बाई करायलीस ना? मग जट कर की तिला."

दुसऱ्या, दुकानासारख्या सॉफ्टवेअरमध्ये जट नव्हतीच. शिंप्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केस नव्हते. राहिलं तिसरं, आणि त्यात दोन वाटा होत्या. पहिली वाट पट्ट्यांची. केसांचं चित्र काढलेल्या लांब पट्ट्या घ्यायच्या आणि डोक्यावर चिकटवायच्या. खेळांमध्ये बहुतेक असंच करतात, मोबाइलला हलकं पडतं. मी पट्ट्या एकमेकींभोवती पिळल्या आणि आईचा चहा यायच्या आत जट तयार झाली. आत्यानं वाकून बघितलं.

"ह्यो तर कासरा हाय," ती म्हणाली. "बैलाला बांध."

दुसरी वाट म्हणजे एकेक केस टाळूतून उगवायचा आणि विंचरायचा. हजारो केस. मी ती धरली, थोडी हट्टानं आणि थोडी आत्यानं टोमणा मारला म्हणून.

त्या दुपारी मला अजून आठवतात, आणि आठवताना त्यांचा क्रम लागत नाही. दारातून ऊन आत येऊन सतरंजीवर पसरायचं. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जायचा, ती गाणी बराच वेळ ऐकू येत राहायची आणि मग कुठंतरी विरून जायची. आत्या माझ्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकून बसायची, मध्येच तिचा डोळा लागायचा. पडद्यावर मी फणी फिरवली की केस एका बाजूला लवायचे, वाऱ्यानं ज्वारी लवते तसे, आणि फणी काढली की पुन्हा हळूहळू उभे राहायचे. बघता बघता मलाही गुंगी यायची. आपण बाईचे केस विंचरतोय की बाई आपले, हे काही क्षण कळायचं नाही.

मग मी ते केस मुद्दाम गुंतवायला लागले. आत्या जागी व्हायची आणि सांगायची.

"हितं घट्ट कर. कानामागं लई ओढ बसती."

"इथं?"

"खाली. झोपताना ह्याच अंगाला व्हता येत न्हाई मला. आन् हितं मधी पोकळ ठेव, हितं खाज सुटती पर बोट जात न्हाई."

बारा वर्षांत तिला कुठं दुखतं हे मी पहिल्यांदा विचारत होते, आणि तेही पडद्यावरच्या बाईसाठी. मला स्वतःची लाज वाटली. तसं बोलून दाखवायला पाहिजे होतं, पण मी नुसती विचारत गेले आणि ती सांगत गेली. चार दिवसांत जट झाली. इतकी खरी झाली की आईनं दारातूनच हात जोडले.

"आत जाता येतंय का?" आत्यानं विचारलं.

येत होतं. मी कॅमेरा पुढं सरकवला. बाईचं डोकं मोठं झालं, जट पडदाभर झाली, आणि मग आम्ही जटेच्या आत गेलो. आत अंधार असेल असं मला वाटलं होतं. पण मी लावलेला उजेड फटीफटींतून झिरपत आत येत होता आणि चहूकडून केसच केस जात होते. कुणी वळून, कुणी दुसऱ्याच्या गळ्यात पडून, कुणी एकटा सरळ. दाट बाभूळबनात शिरल्यावर वर बघावं तसं दिसत होतं. आम्ही दोघी त्यात हिंडलो. मी माउस अगदी हळू सरकवत होते.

"ह्ये समदे केसच हायेत व्हय?" आत्या म्हणाली.

"केसच आहेत."

"दुसरं काय न्हाई?"

"मी दुसरं काही घातलंच नाही, आत्या."

तिनं पडद्याजवळ तोंड नेलं. मग म्हणाली, "मेंढराच्या पाठीवर अशीच लोकर बसती. पावसात भिजली, चिखुल लागला, की गोळा व्हतो. आमी कातरून टाकायचो. वर्साला दोनदा."

"मग?" मी म्हणाले. माझा जुना आवाज लगेच वर आला. "तुला सगळं कळतं, मग अजून कशाला—"

"मेंढराच्या पाया कोण पडतंय?" आत्या म्हणाली.

बारा वर्षं जे माझ्या डोळ्यांसमोर होतं ते तेव्हा मला दिसलं. माहेरी परतलेली, मूल नसलेली, नवरा गेलेली बाई. अशा बाईला लग्नकार्यात मागं बसवतात, ओटी भरायला बोलवत नाहीत. आत्याला मात्र पुढं बसवत. मंगळवारी, शुक्रवारी गल्लीतल्या बायका येऊन तिच्या पायावर डोकं ठेवत, तिला माय म्हणत. शुक्रवारी आमच्या घरातलं पहिलं ताट तिचं असे, वडिलांच्याही आधी. ते सगळं त्या वेटोळ्यावर उभं होतं. आणि मी तिला स्वच्छतेचे धडे देत होते.

"काप बरं तिची," आत्या पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली. "बघू."

कापायचं हत्यार समोरच होतं. मी ते उचललं, जटेच्या मुळाशी नेलं, आणि थांबले. आजवर एवढं भाषण ठोकणारी मी, माझं बोट खाली जाईना. मी म्हटलं, लॅपटॉप गरम झालाय, थोडा थांबू. आत्यानं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या ओठांवर हसू आलं.

"सरक," ती म्हणाली. "कुठं दाबायचं?"

मी दाखवलं. तिनं तर्जनीनं दाबलं, शेगडीचं बटण दाबतात तसं जोर लावून. जट गेली. खाली बोटभर केस राहिले आणि त्यांच्याखाली बाईची मान दिसली, सरळ, मोकळी. आत्यानं पदराखालून हात घालून स्वतःची मान चाचपली. तिचं बोट तिथवर पोचत नव्हतं.

"आठ दिस बघू," ती म्हणाली. "घरात कुणाला काय झालं न्हाई, तर खरी कापायची. कुणाला बोलू नगंस."

देवीची अशी परीक्षा कुणी घेतली असेल असं मला वाटत नाही. पडद्यावरच्या बाईची जट कापायची आणि आठ दिवस थांबून देवीला चालतंय का बघायचं! दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर मी पोट धरून हसले असते. तेव्हा मी नुसती मान हलवली.

दोन दिवस सुरळीत गेले. आत्या सकाळी उठून सगळ्यांची तोंडं बघायची. वडील शिंकले तरी तिचा चेहरा उतरायचा. आणि तिसऱ्या दिवशी मला ताप आला.

साधाच ताप. गावात साथ होती, घरटी एक जण खोकत होता. पण आत्याला ते कोण पटवणार? मी तोंड धुतलं, गालांना पावडर लावली, आणि बसस्थानकाजवळ माझ्या मैत्रिणीचं ब्यूटी पार्लर आहे तिथं कामाला बसते, घरी नेट चालत नाही, असं सांगून बाहेर पडले. मैत्रिणीनं कपाळाला हात लावला, शिवी हासडली, एक गोळी दिली आणि मागं कलणाऱ्या खुर्चीत मला आडवं केलं.

त्या खुर्चीत मी चार दिवस काढले. सकाळी जायचं, दिवेलागणीच्या आत परतायचं. अंगात ताप, डोळे अर्धे मिटलेले, समोर आरसा, आणि आरशात येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे केस. ओले केस, मेंदी लावलेले केस, फरशीवर पडलेले केस. मैत्रीण केरसुणीनं ते एका कोपऱ्यात लोटायची आणि तो ढीग मला श्वास घेताना दिसायचा. बाहेरून वाहक ओरडायचे, अंबाजोगाई, कळंब, बीड. मला वाटायचं त्या गाड्याही केसांतून वाट काढत चालल्यात. एकदा राखाडी बाई आरशात येऊन माझ्या शेजारी बसली आणि तिनं मला विचारलं, माझी मान दुखत नाही, मग तुम्ही मला कशाला केलंत? मी तिला उत्तर दिलं, पण काय दिलं ते ताप उतरल्यावर आठवेना.

घरी गेलं की मी चटपटीत वागायचे. जेवण जात नसलं तरी जेवायचे. रोज आत्या मला चहा द्यायची, तो निमूट प्यायचे, आणि देवी असलीच तर तिला मनातून सांगायचे, की माझं काही म्हणणं नाही, पण एवढे आठ दिवस डोळेझाक कर. विज्ञानाच्या बाता मारणारी मी, असे नवस बोलायला लागले होते.

आठव्या दिवशी आई-वडील शेतावर गेल्यावर मी म्हणाले, "झाले आठ दिवस. सगळे ठणठणीत आहेत."

आत्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला. "उतरला का ताप?"

"कसला ताप?" मी म्हणाले.

"तिसऱ्या दिशीच कळलंतं मला," ती म्हणाली. "रोज गवती चहा, मिरं, सुंठ टाकून चहा कुणाला देत व्हते मी? पावडर लावून कुठं ताप झाकतोय, येडे."

"मग... मग तू बोलली का नाहीस? आणि आता कापणार नाहीस का?"

"तापाचं भ्या न्हाई मला. ताप समद्यालाच येतो." तिनं माझ्या कपाळावरचा हात काढला. "बटण मी दाबलं. देवीला राग आला आसता तर तिनं माझा हात धरला आसता. तुझा कशाला धरंल? आन् तू माझ्यासाठी चार दिस लपून ऱ्हायलीस. जटंसाठी न्हाई, माझ्यासाठी. आण कातर."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. मैत्रिणीकडून कातर आधीच आणून ठेवली होती, तिनं तेल लावून मुळाशी कसं जायचं तेही दाखवलं होतं. तरी दोन तास लागले. पडद्यावर एका कळीनं झालेलं काम इथं चिमटी-चिमटीनं करावं लागलं. वास आला, दोनदा आत्या कळवळली, तेलानं माझी बोटं निसटत होती. शेवटचा धागा सुटला तेव्हा तिची मान एकदम डावीकडं गेली, इतक्या वर्षांचा तोल बिघडल्यासारखी, आणि ती पडू नये म्हणून मी तिला दोन्ही हातांनी धरलं. तिचं डोकं किती लहान होतं.

जट तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि वडिलांना नदीत सोडायला दिली. वडिलांनी तिच्या डोक्याकडं बघितलं, गाठोडं घेतलं, आणि निघून गेले. त्याच संध्याकाळी पडद्यावरच्या बाईचे केस पुन्हा लांब करून मी नमुना पाठवला. तिसरं सॉफ्टवेअर निवडलं. कारण विचारलं होतं तिथं 'यात एकेक केस वेगळा असतो' एवढंच लिहिलं. तिकडून 'ओके' आलं.

मग शुक्रवार आला. आईनं पहिलं ताट वाढलं आणि सवयीनं आत्याकडं वळली, मग थबकली, आणि ते वडिलांपुढं ठेवलं. मुद्दाम केलं नाही तिनं. तिलाही कळलं नाही काय करावं. आत्यानं दुसरं ताट घेतलं आणि खाली मान घालून जेवली. मला आईवर ओरडावंसं वाटलं. पण आत्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी घास गिळला.

दुपारी एकही बाई आली नाही. गल्लीत बातमी पसरलीच होती. आत्या आपली सतरंजी टाकून नेहमीच्या जागी बसली, पदर डोक्यावर, हात मांडीवर. मी काम करत नव्हते, नुसती पडद्याकडं तोंड करून बसले होते. उतरतं ऊन तिच्या पायांवरून सरकलं, भिंतीवर गेलं.

तेव्हा मागच्या गल्लीतली नवी सून दारात आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हातात हळदकुंकवाची वाटी होती, पण ती पाया पडली नाही. इकडंतिकडं बघून उंबऱ्याच्या आत आली आणि तिनं डोक्यावरचा पदर थोडा मागं केला. मानेवर, अंबाड्याखाली, लिंबाएवढा गुंता होता. त्याला ताजं कुंकू लागलेलं.

"माय," ती हळू आवाजात म्हणाली, "कापताना तुमाला दुखलं का?"

आत्यानं स्वतःचा पदर खांद्यावर घेतला. बोटभर पांढऱ्या केसांचं डोकं उघडं झालं.

"कापताना न्हाई, बाय," ती म्हणाली. "त्याच्या आधी बारा वर्सं दुखलं."

आणि तिनं सरकून तिला सतरंजीवर जागा करून दिली.